मार्सेल काऊन काढलं?

हॅलो? आर्वीहून रूपराव कोरडेची मिसेस बोलतो, नलू… हो, हो. ट्रिपवाली आकांक्षाच ना तू?

अवं, व्हाट्सअपवर नवा कार्यक्रम पाठवला तुमी, त्यात मार्सेल दिसूनच नाई राह्यलं! काऊन काढलं?

बार्सिलोना? मले नाई पाह्यचं ते… असन मोठं चर्च… अवं ऐक ना माय! मले फ्रान्सचं मार्सेल पाह्यचं हाय. समुद्राकाठचं. जुनं बंदर, किल्ला, टेकडीवरचं देऊळ… हो, चर्चच ते. तूच तं फोटो दाखवले होते!

दुसरी ट्रिप? एप्रिलात? नाई वं, तवरोक नाई थांबू शकत मी…

काऊन म्हणजे… थांब, दार लोटतो.

हां. आमचा रजत हाय ना तिथं. बंदराजवळच्या गोदामात कामाले… हो, पोरगा. एकुलता. म्हणते, आई, मी मजेत हाय. व्हिडिओवर निस्ता चेहरा दाखवते. काल त्याच्या खोलीवरच्या स्वप्निलचा फोन आला. म्हणे, काकू, रजतच्या पायावर लोखंडी पेटी पडली. दिवाळीच्या आधीच…

नाई वं, फ्रॅक्चर नाई. पाय… पाय काढला त्याचा. गुडघ्याखालून.

हॅलो? हाय ना तू?

रडू नको माय. तू रडली तं मी कोनाले सांगू?

नाई, रजतच्या बाबायले माहीत नाई. हे तं फिराले चाल्लो म्हणून खुश हायेत. नवे बूट घेतले, अंगणात घालून फिरून राह्यले. बीपी हाय त्यायले… तिथंच सांगीन म्हटलं, पोराच्या समोर.

रजतले? त्याले सांगितलं तं येऊच नको म्हणन.

तू काई बी कर. बस तिकडूनच जाते ना? मले उतरून दे. उलट्या होते म्हणीन, चक्कर येते म्हणीन… हो, गट सोडून एकटं जाता येत नाई, समजते मले. मंग बसच थांबव! साहेबाले इचार. आत्ताच इचार. मी धरून हाय…

हो, हाय, हाय! थांबन? किती?… तीन घंटे? जेवनासाठी? अवं, मी नाई जेवत! पत्ता हाय माह्याजवळ, स्वप्निल येईन घ्याले… देव तुह्यं भलं करो, पोरी…

अवं… हे दारात हायेत.

अहो, कवा आले तुमी?… काय ऐकलं? अहो, असे खाली नका बसू… धरा, माहा हात धरा… हो, जिता हाय. चालाले शिकून राह्यला म्हणे. मी स्वप्निलसंग बोलली ना… नका रागावू त्याच्यावर. जाऊ ना. दोघं जाऊ.

आकांक्षा, हाय का?… हे इचारून राह्यले, बसमंदी एक शीट रिकामी ठेवता येईन का? वापस येताना. त्याले संग आणाले…

मले माहीत हाय वं. कागद लागते, तिकीट लागते, नाई होत असं. पन आत्ता नाई म्हणू नको. हे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले.

… हां. पाहू म्हणते, असंच सांगतो यायले. ठेवतो.