वाढदिवसवाल्याची किक

...आणि वर मला म्हणतो कसा, "अरे, जरासा पाऊस आहे!" जरासा? तुम्हाला सांगतो, खिडकीतून बघितलं तर समोरच्या इमारतीवरचा पत्रा उडत चालला होता, आणि हा फोनवर "जरासा"! बरं, दिवस कुठला? शनिवार. वेळ? सकाळची. मी रजईत. बायकोनं नुकताच चहा हातात दिलेला. आणि मुख्य म्हणजे, वाढदिवस होता हो माझा! म्हणजे... अगदी काटेकोरच बघायचं तर दुसऱ्या दिवशी होता, रविवारी. पण मला सांगा, रविवारी वाढदिवस आला की शनिवार काय मोकळा सुटतो का? सगळी सुट्टीच वाढदिवसाची! आणि साधासुधा नाही, चाळिसावा. चष्म्याचं दुकान आहे माझं. चष्मेवाल्यालाच चाळिशी लागणार म्हटल्यावर गिऱ्हाइकं वर्षभर काय काय बोलणार... ते जाऊ द्या.

तर फोनवर आमचा कप्तान. कप्तान म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. आमचा रग्बीचा संघ आहे... हसताय काय? आहे! आता रग्बी म्हणजे काय, थोडक्यात सांगतो. अंड्यासारखा लांबट चेंडू, दोन्हीकडून पंधरा-पंधरा माणसं, आणि चेंडू ज्याच्या हातात त्याच्या अंगावर बाकीच्यांनी पडायचं. झालं! मधूनच रेफरी शिट्टी मारतो, मग आठ विरुद्ध आठ माणसं वाकतात, खांद्यात खांदे अडकवतात आणि बैलासारखी एकमेकांना रेटतात, त्याला म्हणतात स्क्रम. त्यात मी पहिल्या रांगेत. माझं काम रेटणं. चेंडूशी माझा काहीएक संबंध नाही! इतकी वर्षं खेळतोय, चेंडू माझ्या हातात आला तो फक्त सामना संपल्यावर गाडीच्या डिकीत ठेवायला. आणि आला असता तरी दिसला नसता, कारण चष्मा काढून खेळावं लागतं. चष्मा काढला की मला माणसं दिसत नाहीत, नुसते आकार दिसतात. आकार दिसला की रेटायचा. कधीकधी आपलाच असतो.

कप्तान म्हणाला, "चौदाच जमलोत. तू आला नाहीस तर सामना न खेळताच हरलो. आणि शेवटचा सामना आहे रे! आख्ख्या मोसमात आपण एक तरी जिंकलोय का? आज नाही जिंकलो तर पुढच्या वर्षी स्पर्धेत घेणार नाहीत आपल्याला. संघ बंद!" मी म्हटलं, "अरे, पण वाढदिवस आहे माझा!" तर म्हणतो, "मग? मैदानावर करू!"

फोन ठेवला, आणि खोटं कशाला बोलू, मनात आलं, होऊ दे बंद! सुटलो! दर शनिवारी अंग ठेचून घ्यायचं, रविवारी जिना उलटा उतरायचा... कशासाठी? तेवढ्यात आमच्या हिनं रजई ओढली. म्हणाली, "अहो, उठा."

म्हटलं, "अगं, वाढदिवस आहे!"

"मी हॉस्पिटलात होते तेव्हा कुणी म्हणालं का, आज आमचं अमुक आहे नि तमुक आहे?"

त्याचं असं झालं होतं, दोन वर्षांपूर्वी हिचं ऑपरेशन झालं. मोठं. मी दिवसरात्र तिकडे. घराकडे बघायला कोणी नाही, दुकान बंद. आणि तुम्हाला सांगतो, मी कुणाला एक शब्द बोललो नव्हतो, पण रोज पहाटे अंघोळीपुरता घरी यावं तर दाराशी गरम पाव ठेवलेला! शेवटपर्यंत बेकरीवाला कबूल करायला तयार नाही, म्हणे, "मी नाही बुवा, उंदरानं नेऊन ठेवला असेल." आणि आमच्या संघाचा किक मारणारा आहे ना, शिंपी, काडीसारखा, त्यानं स्वतःचं दुकान बंद ठेवून माझं उघडलं! चष्म्यातलं ओ की ठो कळत नाही त्याला! दोन आजोबांना एकमेकांचे चष्मे देऊन बसला. पण उघडलं हो दुकान. रोज उघडलं. हे आठवलं की माझ्या तोंडातून तक्रार निघत नाही... म्हणजे निघते, पण दम नसतो तिच्यात.

तर उठलो. पण फुकट उठलो नाही! म्हटलं, वाढदिवस आहे, निदान पाठीला तेल लावून दे. लावलं. वाढदिवस आहे, बूट तेवढे शोध. शोधले. वाढदिवस आहे, आणखी एक कप चहा. दिला. वाढदिवस आहे, तूही चल. तर रेनकोट चढवून, छत्री घेऊन आली बिचारी! सामन्यापुरता माझा चष्मा स्वतःच्या खिशात ठेवते म्हणाली आणि निघालो.

मैदान? कसलं मैदान! तळं! मध्ये गवताची चार बेटं. पाऊस वरून पडत नव्हता हो, समोरून येत होता, थेट कानात. वारा असा की रेफरीची शिट्टी तो फुंकायचा इकडे आणि ऐकू यायची पार्किंगमध्ये. आणि समोरचा संघ कुणाचा असावा? अग्निशमन दलाचा! म्हणजे पाण्यात उभं राहायचे ज्यांना पगार मिळतात, ती माणसं! पंचविशीतली पोरं, एकेकाचे दंड माझ्या मांडीएवढे. मस्त भिजत होते, हसत होते. आमच्याकडे बघावं तर पंधरा पोक्त माणसं, कुडकुडणारी, आणि त्यातल्या एकाचा वाढदिवस!

मी म्हटलं, लाजायचं कशाला, सांगून टाकू. कप्तानाला सांगितलं, "वाढदिवस आहे, आज जरा कडेकडेनं खेळतो." तो म्हणाला, "स्क्रमला कड नसते." रेफरीला सांगितलं. हा रेफरी म्हणजे माझाच दातांचा डॉक्टर. "डॉक्टर, वाढदिवस आहे हो, जरा लवकर आटपता येईल का?" तो म्हणतो, "आ करा... हं, दातांचं कवच बसवलंय, ठीक आहे, जा." शेवटी स्क्रममध्ये वाकल्यावर समोरच्या फायरमनच्या कानाला कान लागला, त्यालाही सांगितलं, "भाऊ, वाढदिवस आहे माझा, जरा हळू." इतका गुणी मुलगा! म्हणाला, "अरे वा! खूप खूप शुभेच्छा, काका!" आणि असा रेटला, असा रेटला, की मी आमच्याच दुसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसलो.

पुढचा सामना मी काय सांगू? मला दिसला तर पाहिजे! तपकिरी आकार आले, रेटले. तपकिरी आकार गेले, उठलो. बोटं गार पडून कुणाची कुठली कळेनात. एकदा तर मी चांगला वेळ एका आकाराला धरून ठेवला, तर तो कोपऱ्यातला निशाणाचा खांब निघाला. मधूनमधून बायकोचा आवाज यायचा, "अहो, इकडे नाही, तिकडे!" शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सहा-शून्य!" मी विचारलं, "कुणाचे सहा?" कुणी उत्तर दिलं नाही, त्यावरून कळलं.

आणि मग त्यांच्या रेषेजवळ स्क्रम मिळाला. शेवटचा. आम्ही आठ जण वाकलो. बेकरीवाला माझ्या खांद्याला खांदा लावून. म्हणाला, "रेट रे." एवढंच. आणि काय झालं कुणास ठाऊक, समोरच्या पोरांचे पाय चिखलात सटकले, आणि सोळा माणसांचा तो आख्खा ढीग रेषेपलीकडे घसरत गेला! खाली कुठेतरी चेंडू होता आणि चेंडूवर बेकरीवाला! ट्राय! रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय. पाच गुण! सहा-पाच! आणि ट्राय झाला की एक किक मारायला मिळते, चेंडू दोन खांबांच्या मधून, आडव्या दांड्यावरून गेला की आणखी दोन गुण. म्हणजे सात-सहा. म्हणजे जिंकलो! म्हणजे संघ राहिला!

शिंपी पुढे आला. बाहीनं चेंडू पुसला. हा माणूस डोळे मिटून सुईत दोरा घालतो, तशीच किक मारतो. मी तर चहाच्या विचारात निम्मा घरी पोचलो होतो. आणि कप्तान म्हणाला, "थांबा. आज वाढदिवस कुणाचा आहे?"

आता बघा, आमच्या संघात एक प्रथा आहे. कुणी काढली देव जाणे. सामन्याच्या दिवशी ज्याचा वाढदिवस, त्या दिवशी किक त्याची. कुणीही असो. आजवर कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आजवर आम्ही कायम पन्नासेक गुणांनी मागे असायचो, किक गेली काय नि राहिली काय! पण आज?

मी ओरडलो, "उद्या! उद्या आहे हो माझा वाढदिवस!"

चौदा जणांनी माझ्याकडे बघितलं. समोरच्या स्क्रममधला तो गुणी मुलगा म्हणाला, "काका, मला तर आज म्हणालात!" रेफरी म्हणाला, "मलाही." मी म्हटलं, बायको! बायको साक्षीला आहे! हाक मारली, "अगं, सांग यांना, वाढदिवस उद्या आहे ना?" आणि छत्रीखालून शांतपणे आवाज आला, "सकाळपासून तेल लावून घेतलंत, बूट शोधून घेतलेत, दोन कप चहा घेतलात. आजच आहे."

मी कप्तानाचा हात धरला. म्हटलं, "अरे, ऐक. शिंप्याला मारू दे. संघाचा प्रश्न आहे! आज प्रथा राहू दे बाजूला!" तर हा माणूस, नाकातून चिखल गळतोय, मला म्हणतो, "प्रथा बाजूला ठेवून संघ वाचवायचा, तर वाचवायचा कशाला?" आणि शिंप्यानं चेंडू माझ्या हातात दिला. "मार रे. चुकली तर चुकली. आम्ही आहोतच की."

आम्ही आहोतच की! हिच्या ऑपरेशनच्या दिवशी दुकानाची किल्ली मागताना अगदी हेच म्हणाला होता हो. शब्दाला शब्द. सकाळी मी म्हटलं होतं ना, होऊ दे बंद? त्या क्षणी इतकं लागलं मनाला. म्हटलं, देवा, काहीही कर, हा संघ बंद होऊ देऊ नको. मी दर रविवारी जिना उलटा उतरेन.

वाऱ्यानं चेंडू उभा राहीना, म्हणून बेकरीवाला चिखलात आडवा झाला आणि बोटानं चेंडू धरला. मी विचारलं, "खांब कुठेत?" म्हणाला, "समोर. ते पांढरे." मी म्हटलं, "मला सगळंच पांढरं दिसतंय!" शिंप्यानं मागून खांदे धरून मला वळवलं, कापड सरळ करावं तसं. "असाच जा. मान वर करू नको." गेलो. पाय घसरला. मी पाठीवर पडलो, आणि पडता पडता बूट कशाला तरी लागला. चेंडूला की कप्तानाच्या बोटाला, ते कळेना.

काही दिसलं नाही हो मला! आयुष्यातली पहिली किक, आणि मी आकाशाकडे तोंड करून चिखलात. नुसतं ऐकलं. आधी कप्तान "आई गं!" म्हणाला. म्हणजे बोटाला पण लागलं होतं. मग वारा. मग लांब कुठेतरी "ठक्क!" लाकडाचा आवाज. मग काहीच नाही. मला वाटलं, गेला संघ. आणि मग तो आवाज उठला... आमचे ओरडले, फायरमन ओरडले, आणि चिखलातून पचक पचक करत कुणीतरी माझ्याकडे धावत आलं. छत्री नाही, काही नाही. "अहो, गेली! खांबाला लागून आत गेली!" गुडघे टेकून बसली आणि माझा चष्मा मला चढवला. काचांवर तिच्याच अंगठ्यांचा चिखल.

"दिसतंय का?"

"काही नाही."

"बरंय. तुमचा अवतार बघण्यासारखा नाहीच."

मग बाकीचे चौदा आले आणि माझ्या अंगावर पडले, ती प्रथा नाही, तो आनंद! खालून मी बघतोय तर कप्तान सुजलेलं बोट धरून रडतोय की हसतोय... चष्मा असूनही कळेना. आणि तुम्हाला सांगतो, अंगावर चौदा माणसं, कानात पाणी, पाठीचा पार भुगा, आणि मनात एकच, किती नशीबवान आहे मी! काय पुण्य केलं होतं म्हणून ही माणसं मिळाली, ही बायको मिळाली! अंघोळीला गरम पाणी संपलं होतं, तरी गारठलेल्या गळ्यानं सगळ्यांनी माझ्यासाठी गाणं म्हटलं, फायरमनांनीसुद्धा. बेकरीतून केक आला. चार तुकडे खाल्ले मी.

दुसऱ्या दिवशी रविवार. खरा वाढदिवस. उठलो... उठलो कसला, डोळे उघडले. घरात शांत. फोन शांत. बायकोनं पेपर पुढे केला. म्हटलं, "अगं, आज..." तर म्हणते, "काल झाला की!" कप्तानाला फोन लावला, तो म्हणतो, "काल झाला की! बोट दुखतंय, ठेवतो."

आणि आता नवा मोसम सुरू झालाय. संघ आहे! पहिल्याच सामन्याला कप्तानानं मोडकं बोट वर केलं आणि जाहीर केलं, "आपण एकदाच जिंकलो, ते याच्या वाढदिवशी. तेव्हा आज याचा वाढदिवस आहे." सगळ्यांनी गाणं म्हटलं. किक मला. चुकली. पुढच्या शनिवारी परत वाढदिवस, परत गाणं, परत चुकली. त्यानंतर आजतागायत एकही गेलेली नाही, शिंपी काठावर उभा राहून टाळ्या वाजवतो! परवा रेफरी शुभेच्छा देऊन म्हणाला, "या हिशेबानं मोसम संपेपर्यंत साठी गाठाल." म्हटलं, "काय करणार, डॉक्टर? दर शनिवारी वाढदिवस असतो हो माझा. फक्त वाढदिवसाच्या दिवशी तेवढा नसतो."