दोन नीता

हसू नका, पण लग्नानंतर पाच महिने मला घरात कोणी नावानं हाक मारली नव्हती. यांची पहिली बायको वारली, तिचंही नाव नीता. त्यामुळे हे मला 'अगं' म्हणूनच बोलवायचे, आणि तेही शनिवार-रविवारीच, कारण नोकरी रास अल खैमाला, सिरॅमिकच्या फॅक्टरीत. बाकीचे दिवस दुबईत, देऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि त्यांची दहा वर्षांची ईरा. ती शाळेतून यायची, जेवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

एका संध्याकाळी ती आपणहून बाहेर आली. ग्रीक पुराणकथांवर वर्गात बोलायचं होतं, आणि सराव ऐकायला कोणीतरी हवं होतं.

"देअर वर टू एजॅक्सेस," ती म्हणाली. "सेम नेम, सेम वॉर, सेम आर्मी."

"मग लोक ओळखायचे कसे?"

"बाय देअर फादर्स. एक टेलामनचा, एक ऑइलियसचा."

मग तिनं हातातला भाषणाचा कागद घडी करून ठेवला.

"मम्मा वॉज ऑल्सो नीता."

"हो, माहीत आहे मला."

"व्हॉट्स युअर फादर्स नेम?"

"नारायण."

तिनं मान डोलावली आणि आत निघून गेली. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी किचनमध्ये पोळ्या करत होते. तिच्या खोलीतून आवाज आला, "नीता नारायण, आय ॲम हंग्री."

ऐकू आलं होतं मला. पण मी लगेच ओ दिली नाही. म्हटलं, अजून एकदा हाक मारू दे.