आठाचे पाच केले मी

माझं गाव लातूरकडं, औशाच्या पलीकडं. घरात पाच बहिणी, त्यात मी चौथी, अन् चौथीकडं कोण लक्ष देतंय ओ, म्हणून मी मोठ्यानं बोलायला शिकले ते आजपर्यंत थांबले नाही. आई म्हणायची, सुनंदे, तुझ्या तोंडाला फाटक हाय का नाही. आता तुम्ही लिहून घ्यायला बसलात म्हणून सांगते, त्याच तोंडावर मी कुवेतमधी भाकर खायलेय. नर्स म्हणून आले, अब्बासियात राहते, आमचे हे राई म्हणून भाग हाय तिथं गॅरेजला सुपरवायझर हायत, अन् लेक इथंच शिकायलीय, तिला मराठीत हाक मारा, ती इंग्लिशमधी ओ देती.

मी ज्या क्लिनिकमधी हाय तिथं मनाच्या आजाराचे पेशंट येतात. आधी मला वाटायचं मनाचा डॉक्टर म्हणजे एक तर गोळ्या देणार नाही तर उपदेश करणार. पण आमच्या मॅडम, मिसरी म्हणजे इजिप्तच्या हायत त्या, उपदेश म्हणून करत नाहीत, अन् दर माणसाला उपचार निराळा. एका बाईचा भाऊ देशात वारला अन् तिला जाता आलं नाही, तर तिच्याजवळ मॅडम नुसत्या बसायच्या, भावाचं सांग म्हणायच्या, रडू द्यायच्या, मी टिशू द्यायला उठले तर मला डोळ्यानंच खाली बसवलं. दुसरी एक अंथरुणातून उठायचीच नाही, तर तिला रोज दहा मिनिटं समुद्रावर चालायला लावलं, मन लागो न लागो. मी म्हणलं मॅडम, हिला असं अन् तिला तसं कामून? तर म्हणल्या, सुनंदा, तू घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल घेती का? 

मॅडमला अरबी येतं, इंग्लिश येतं, पण आपल्या माणसाला मनातलं त्यात सांगता येत नाही, म्हणून मधी मी. त्यांचं मराठीत करायचं, पेशंटचं इंग्लिशमधी. तसेच आले इकबालभाई. नाव बदललंय हं मी, त्यांनीच सांगितलं, बाय, नाव बदल अन् खुशाल सांग सगळ्यांना. श्रीवर्धनकडचे, राईत एका शोरूमचं गोदाम सांभाळतात, अरबी येती ती दुकानापुरती. माणूस कसला गमत्या! पण एकदा लाईट गेली अन् ते लिफ्टमधी अडकले, तेव्हापासून दार बंद झालं की छाती धडधडायची, घाम, आता मरतोच म्हणायचे. अबू हलीफा भागात सातव्या मजल्यावर घर, रोज जिन्यानं वर. ते एक वेळ चाललं असतं ओ, पण विमानाचं दारही बंदच होतं ना, अन् गावाकडं एकुलत्या एका लेकीचा निकाह दोन महिन्यांवर आलेला. मला म्हणले, बाय, पोरीला काय सांगू, तुझा बाप दाराला घाबरतो म्हणून?

मॅडमनी शिडी काढली कागदावर. खालच्या पायरीला क्लिनिकच्या लिफ्टसमोर नुसतं उभं राहणं, मग दार उघडं ठेवून आत, मग दार बंद, मग एक मजला, असं करत शेवटी विमान. म्हणल्या, भीती चढती तशी आपोआप उतरती, तू मधीच पळालास तर ती उतरलेली तुला कधी दिसणारच नाही, म्हणून थांबायचं. अन् दर वेळी विचारायच्या, दहापैकी भीती किती? उतरली की पुढची पायरी.

हितंच मी माती खाल्ली बघा. इकबालभाई म्हणायचे आठ, अन् मी मॅडमला सांगायचे पाच. कामून? अहो, आपल्याकडं रीतच हाय, दुखणं पुरतं सांगायचं नाही. माझी आई तापानं फणफणलेली असली तरी कोण आलं की बरी हाय म्हणायची अन् चहा टाकायची. मला वाटलं, आठ सांगितलं तर मॅडम म्हणतील ह्याला जमत नाही. वर मी इकबालभाईंचा हात धरून ठेवायचे, मी हाय ना, मी हाय ना करत. पाच ऐकून मॅडम पटापट पायऱ्या चढवायल्या. अन् एक दिवस म्हणल्या, आज एकटा तिसऱ्या मजल्यापर्यंत जा. दार लागायच्या आत इकबालभाई बाहेर पळाले, जिन्यावर बसले अन् ढसाढसा रडले. म्हणले, संपलं बाय, निकाह माझ्याशिवाय लागू दे.

हे केलं होतं मीच. तशीच मॅडमपुढं गेले अन् सांगून टाकलं, नोकरी गेली तर गेली. मॅडम म्हणल्या, हे त्याच्यासमोर सांग. सांगितलं. तर इकबालभाई डोळे पुसत माझ्याकडं बघतात अन् म्हणतात, अगं बाय, माझे तर दहा होते, तुला वाईट वाटंल म्हणून मी आठ सांगत होतो! दहाचे त्यांनी आठ केले, आठाचे मी पाच. मॅडमला हे इंग्लिशमधी सांगताना मलाच हसू फुटलं, मग त्यांना, मग मॅडम टेबलावर डोकं टेकून हसल्या.

मग पहिल्या पायरीपासून सुरू. आकडा खरा, अन् माझा हात बंद. मॅडम म्हणल्या, भाऊ गेलेल्या बाईला जवळ माणूस हवं होतं, ह्याला नको, ह्याला कळू दे की हाताशिवायही तो जगतो. लिफ्टच्या बाहेर उभं राहायचं अन् बोलायचं नाही, माझ्यासारखीला हे म्हणजे उपासच ओ! पण इकबालभाई आत थांबायचे, दहा, दहा, नऊ, सात, चार. ज्या दिवशी एकटे सातव्या मजल्यावर जाऊन आले, त्या दिवशी मी वॉचमनलाही खजूर वाटले.

विमानात बसून फोन केला त्यांनी. दार लागलंय म्हणले. मी म्हणलं किती? म्हणले, नऊ. मी म्हणलं, उठून पळावं वाटायलंय? म्हणले, लई वाटतंय, पण पट्टा लावून बसलोय. मॅडम शेजारीच, त्यांनी विचारलं, किती म्हणाला? मी म्हणलं नऊ, पुरते नऊ, अन् बसलाय. मॅडमनी टाळी दिली मला.

निकाह झाला, लेकीला शेजारी घेऊन काढलेला फोटो आलाय, पुढच्या आठवड्यात ते नारळाच्या वड्या घेऊन यायलेत. अल्ला त्यांच्या लेकीला सुखात ठेवो. अन् तुम्ही मगाशी आल्या आल्या विचारलं ना, कशा आहात, तर मी सवयीनं बरी हाय म्हणलं. खोटं होतं ते. लई खुशीत हाय मी, दहापैकी दहा. तसंच लिहा, तुम्ही तरी त्याचे पाच करू नका.