मला न्यायला हिरामाय आली

माझं माहेर धानोऱ्याचं, सासर नंदुरबारात, आणि पोटापाण्याला मिरचीची पथारी, म्हणजे मैदानात सुकायला टाकलेली लाल मिरची, तिचे देठ खुडायचे. ताई, तोंडातून अहिराणी निघाली तर घ्या समजून. बोटांची आग होते, पण बायाबायांत दिवस निघून जातो, आणि आमच्या ओळीतली हिरामाय, म्हातारी, तिचं तोंड तर मिरचीहून तिखट.

नवरा गेला, मग दवाखान्यात माझं रक्त तपासलं, तर मलाही एचआयव्ही निघाला. जाऊबाईनं माझं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, बोलली काही नाही. बोलली असती तर मी भांडले असते, गप बसणारी मी नव्हेच. पण ते ताट दिसलं की घास उतरायचा नाही. काम सोडलं, गोळ्या सोडल्या.

त्यात आखाजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते, आणि तिला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी आल्याशिवाय पिशवी भरायची नसते. गल्लीतल्या सगळ्या गेल्या, मी ओट्यावर बसून राहिले, भाऊ आला नाही. त्याच्या कानावर गेलं होतं ना. काय सांगू तुम्हाला, मग मी ठरवलं, आता जगायचं नाही.

आणि भर दुपारी हिरामाय आली, डोक्यावर तिच्या म्हाताऱ्याची टोपी घालून. म्हणे चाल व माय, मी तुन्ही मुराळी शे, पिशवी भर. जाऊबाई हसली, बाई कधी मुराळी असते का. मी म्हटलं, माय, मी मरायचं ठरवलंय. ती ओरडली नाही, देवाधर्माचं सांगितलं नाही, टोपी काढून शेजारी बसली, म्हणे बरं व्हयनं तू सांगं ते, आते समदं सांग. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मग घरी नेलं, पुरणपोळी वाढली, माझ्याच ताटात जेवली. सण झाल्यावर हात धरून दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंपुढं बसवलं. त्या म्हणाल्या, मरावंसं वाटणं हेपण दुखणंच आहे, त्यालाही उपचार आहे, लाजायचं नाही. गोळ्या परत सुरू केल्या. लगेच बरं वाटलं असं नाही, पण मन खचलं की सांगायला माणूस होतं.

आता दवाखान्यात गोळ्या न्यायला कुणी यायचं थांबलं, आणि मी घरी गेलेली त्याला चालत असली, तर त्या समुपदेशक ताई मला त्याला आणायला पाठवतात. यंदा आखाजीला भाऊ आला हो, मान खाली घालून ओट्यावर बसला. चहा दिला, म्हटलं येते मी तुझ्यासंगं, पण उद्या, आज शहाद्याची एक पोर माझी वाट बघते. आणि खुंटीवरची टोपी काढली, तीच, हिरामायनं मला देऊन टाकलेली.

हिरामायला मी म्हणते, माय, माझं आयुष्य तुला लागो. ती म्हणते, चूप बस, मन्हं आयुष्य मन्हाजोडे शे, तुन्हं तू वापर.