छोट्या पाकिटातलं मत

शिरूर-दौंड एसटीत प्राची दहावीच्या पुस्तकात डोकं खुपसून बसली होती खरी, पण तिचे दोन्ही कान मागच्या सीटवर होते. तिथं एक मास्तर आणि त्यांची थोरली बहीण तिनं निवडणुकीच्या निकालावर केलेल्या दाव्याच्या तारखेला कोर्टात निघाले होते.

"अक्का, तू एका मतानं पडलीस. बाद झालेलं ते टपाली मत माझं हाय."

"काय बोलतोस, चांगदेवा?"

"सहीचं घोषणापत्र बाहेरच्या मोठ्या पाकिटात ठेवायचं असतंय, न्हाईतर मत बाद. मी मतपत्रिकेसंगं छोट्या पाकिटात चिकटवून टाकलं."

"इलेक्शन ड्युटीवाल्या सगळ्यांना पाकिटं भरायला तूच शिकवलंस ना?"

"म्हणून तर लाजंनं गप्प बसलो."

"आन् मी मतमोजणीच्या त्या नवनाथ क्लार्कवर आळ घेतला, घोषणापत्र त्यानंच काढून घेतलं म्हणून."

"सहा महिनं झालं, सस्पेंड हाय तो. बायको रांजणगावला कंपनीत पॅकिंगला जाती. आज जजसाहेबांना खरं सांगतो मी."

न्हावरे मागं पडल्यावर अक्काचा आवाज खाली आला.

"तुला काय, चार दिवस हसतील. मला मात्र गावात तोंड दाखवता यायचं न्हाई."

"मग नवनाथचं काय?"

"तू आज आजारी हायस. चौफुल्याला उतर आन् माघारी जा."

"अक्का..."

"कोर्टाच्या कागदांची पिशवी दे इकडं."

चौफुल्याला कंडक्टरनं बेल मारली. मास्तर उठले.

"चांगदेवा, थांब. डबा घेऊन जा. उपाशी राहू नको."