किसनभाऊंनी चित्त्याला हाणलेली चप्पल

अरे, चहा मंग पी, आधी हे ऐक. मिशनच्या दवाखान्याकडून आमी डोळ्यांच्या शिबिराला केनियात गेलतो ना, तवा एक दिवस सुट्टी भेटली. म्हणून जंगल पाह्यला निघालो. संगं आमचे सेनगावचे कंपाउंडर किसनभाऊ. उघड्या जीपमधी दोन-चार गोरेबी व्हते.

लई वेळ उन्हात तळल्यावर एक चित्ता दिसला. हरणाच्या पिलाकडं दबकत चालला व्हता. सगळ्यांनी श्वास रोखून कॅमेरे सरसावले, अन किसनभाऊ ताडकन उठले.

"हाऽऽड! हाऽऽड!"

जसं कुत्रं शेळीच्या करडावर आलं! वरून पायातली चप्पल काढून हाणली. पिलू पसार झालं, चित्ताबी बिचकून लांब पळाला.

गाईड असा खवळला! "तुमच्यामुळं चित्ता उपाशी राहिला," म्हणे. मी भाऊंना मराठीत सांगितलं.

"काहून? डोळ्यादेखत लेकरू खाऊ द्याचं काय?"

तेवढ्यात चित्ता परत फिरून आला. त्यानं चप्पल हुंगली, तोंडात धरली अन झुडपात जाऊन बसला.

एका पायानं अनवाणी भाऊ मला म्हणले, "त्या गाईडला सांग, आमच्याकडल्या जवळा बाजार गावची अस्सल चामड्याची हाय. उपाशी न्हाई राहत तो."