जयदीपचा जॉइनिंग रिपोर्ट, तीन प्रतींत

आणि वर मलाच म्हणतात, काकू, तुम्ही फार मधे पडता!... आता तुम्हीच सांगा, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरांमधली भिंत म्हणजे काय किल्ल्याची तटबंदी आहे? पलीकडे उल्काने फोडणी टाकली की इकडे मला शिंक येते, मग पलीकडे जयदीपने उसासा टाकला तर तो मला ऐकू येऊ नये, असं कसं होईल? मी काही कान लावून बसत नाही हो, कान आपोआप लागतो. मला काय करायचंय म्हणा!

पण तुम्हाला सांगते, तो उसासा साधा नव्हता, वीस महिन्यांचा साठलेला होता. जयदीप म्हणजे उल्काचा नवरा. क्वार्टर उल्काच्या नावावर, ती मिनिस्ट्रीत, आणि हा गुडगावला एका प्रायव्हेट कंपनीत... लोकांच्या परिषदा भरवायच्या, हॉल ठरवायचा, पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, त्यांना गुच्छ द्यायचे. आता कोरोनात कोण परिषद भरवणार? चार माणसं जमली की पोलीस हजर! तर कंपनीने याला घरी बसवलं, पण काढलं नाही हं, तशी सभ्य माणसं. त्याला नाव दिलं 'जॉब सपोर्ट'. म्हणजे पगार अर्धा आणि प्रेम दुप्पट! दर बुधवारी त्या एचआरच्या रसिका मॅडमचा फोन यायचा, आवाज असा की साखरेचा पाक... ''जयदीप, दस में से आज कितना अच्छा फील हो रहा है?'' हा म्हणायचा, ''सेव्हन.'' दर बुधवारी सेव्हन! अहो, घरात नवरा, बायको, पोरगी, तिघंही तापाने फणफणले होते त्या बुधवारीसुद्धा सेव्हन! मी इकडे भिंतीशी म्हणतेय, मेल्या, एकदा तरी चार म्हण, बघू तरी काय करतात!

तर एका गुरुवारी मेल आला. सोमवारी सकाळी अकराच्या आत ऑफिसात समक्ष हजर व्हा, जो येणार नाही त्याला नोकरीत रस नाही असं समजू. झालं! दुसऱ्या कुणी उड्या मारल्या असत्या, आणि हा खुर्चीत बसला तो बसलाच. मी वाटीभर साखर मागायला गेले होते... साखर होती माझ्याकडे, पण निमित्त नको?... तर हा उल्काला सांगतोय, ''वीस महिन्यांत एकाने फोन करून विचारलं नाही, जयदीप, अमुक हॉलवाल्याचा नंबर काय? एकानेही नाही. म्हणजे माझ्यावाचून अडलं नाही ना कुणाचं?'' उल्का म्हणाली, ''अरे, पण चाललंच नव्हतं काही, तर अडणार काय, कप्पाळ?'' बरोबरच होतं तिचं. पण बरोबर बोलण्याने माणसाची भीती जाते का, सांगा!

शनिवारी हा काय करतो, तर तालीम! बूट घातले, मेट्रोत बसला, हौज खासला गाडी बदलली, पार गुडगावपर्यंत गेला आणि स्टेशनाबाहेर पाऊल न ठेवता परत आला. वर मला म्हणतो, ''काकू, मेट्रो बिल्कुल तशीच आहे.'' अरे, मेट्रो तशीच असणार, ती काय घरी बसून भात खात होती? बदललास तू! पॅन्टचं बटण लागेना, गाल असे की फोटोतला जयदीप याचा धाकटा भाऊ वाटावा. पण मी बोलले नाही. मला काय करायचंय म्हणा!

बोलले ते आमचे हे. आता आमच्या ह्यांची बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत गेलेली, त्यांना स्वर्गात जरी बोलावलं तरी दारात आधी आवक-नोंदीचा डायरी नंबर मागतील. संध्याकाळी जयदीप गच्चीवर भेटला तर यांनी चष्मा कपाळावर नेऊन विचारलं, ''जॉइनिंग रिपोर्ट लिहिलास?''

''काका, प्रायव्हेटमध्ये तसं काही नसतं.''

''नसतं म्हणजे? अरे, तू गेलास याला पुरावा काय?''

''मी स्वतः जाणार ना.''

''माणूस हा पुरावा नसतो, जयदीप. कागद हा पुरावा असतो!''

आणि तुम्हाला सांगते, घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला दिलं की तो शांत होतो. रविवारी आमच्याच टेबलावर यांनी सांगितलं आणि त्याने लिहिलं... की मी आज दिनांक अमुक रोजी पूर्वाह्नी कामावर रुजू होत आहे, कृपया नोंद घ्यावी... इंग्रजीत हं सगळं. तीन प्रती! एक साहेबाला, एक फाईलला, एक स्वतःला, सही-शिक्क्यासह परत घ्यायची. पुन्हा यांचं टुमणं, फिटनेस सर्टिफिकेट जोड! मग सोमवारी सकाळी साडेसातला डिस्पेन्सरी उघडल्या उघडल्या मीच गेले त्याच्याबरोबर, म्हणजे मला बीपीच्या गोळ्या आणायच्याच होत्या. डॉक्टरीणबाई विचारतात, ''बीमार क्या थे?'' हा म्हणाला, ''कुछ नहीं.'' ''तो फिट किस चीज़ से लिखूँ?'' मागे रांग खोकतेय... मी म्हटलं, ''डॉक्टरसाब, लिख दीजिए, घर बैठने से फिट हो गया है!'' त्या हसल्या आणि लिहून दिलं, सध्या काही तक्रार नाही. असं सर्टिफिकेट मला आयुष्यात कुणी दिलेलं नाही.

पुढचं सगळं त्याने संध्याकाळी सांगितलं, त्यात माझ्या पदरचं काही नाही... फार नाही.

दहा वाजून वीस मिनिटांनी हा ऑफिसच्या दारात. बघतो तर गुच्छवालं रिसेप्शन गायब, नुसती काच, आणि भिंतीवर एक यंत्र. चेहरा दाखवायचा, यंत्र ओळखणार, हजेरी लागणार. याने मास्क काढून चेहरा दाखवला. यंत्र म्हणालं, ओळख पटली नाही. याने चष्मा काढला. ओळख पटली नाही. गाल आत ओढले, श्वास कोंडला... नाहीच! त्याला हवा होता वीस महिन्यांपूर्वीचा जयदीप, आणि तो आता आणायचा कुठून? ज्याची भीती तेच झालं हो. माणसं विसरतील म्हणून हा घाबरला होता, इथे भिंतसुद्धा विसरली! आत एक चिटपाखरू ओळखीचं नाही, एक पोरगी कानात बोंडं घालून म्हणाली, ''भैया, डिलिव्हरी नीचे छोड़ दो.'' याच्या हातात त्या तीन प्रतींचं पाकीट ना!

खाली आला, गेटवर गार्ड. पानिपतचा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त, मिशी अशी की तीच सॅल्यूट करेल. याने विचारलं, ''रसिका मॅडम?'' तो म्हणाला, ''मैडम तो घर से काम करती हैं जी.'' ऐकलंत? सगळ्यांना समक्ष बोलावणारी बाई स्वतः घरी! मग हा तीन प्रती घेऊन तिथेच पायरीवर बसला. गार्डने कागद मागून घेतला, अक्षर न् अक्षर वाचला, म्हणाला, ''साहब, कागज तो पक्का है. रिसीव कौन करेगा?'' ''कोई नहीं.'' ''कोई कैसे नहीं? ड्यूटी पर मैं हूँ!'' आणि माल आत येताना त्याच्या चलानावर मारायचा गेटचा शिक्का उचलून त्याने तिन्ही प्रतींवर ठणाठणा मारला, आवक, आजची तारीख, हाताने वेळ घातली दहा चाळीस, आणि खाली झोकदार सही. पानिपतच्या माणसाने मराठी माणसाची अब्रू राखली, असं इतिहासात कधी घडलं असेल का हो?

मग त्यानेच याला वर नेऊन आत सोडलं आणि स्वतः दारात थांबला. अकरा वाजता मोठ्या पडद्यावर रसिका मॅडम उगवल्या. वेलकम बॅक, वी आर फॅमिली, सगळं झालं, आणि मग यादी. हजर तेवीस. जयदीपचं नाव नाही. हा उभा राहिला, ''मॅडम, मी इथे आहे.'' साखरेचा पाक म्हणाला, ''जयदीप, सिस्टम में तो आप आए ही नहीं. प्लीज, ट्राय टू अंडरस्टँड...''

''मी समोर उभा आहे ना!''

''मुझे दिख रहा है, पर सिस्टम में...''

बघा! आमचे हे म्हणतात ते खोटं नाही, माणूस हा पुरावा नसतो! तेव्हा याने ती प्रत उघडून कॅमेऱ्यापुढे धरली. शिक्का, तारीख, वेळ, सही. मॅडम पुढे झुकल्या, वाचत राहिल्या. म्हणाल्या, ''ये... किसने रिसीव किया?'' आणि मागून दारातून आवाज, ''मैंने, मैडम! गेट नंबर एक!'' लिखित आलं की सगळ्यांची जीभ टाळूला चिकटते. चार वाजेपर्यंत याला ताटकळत ठेवला आणि मग मेल आला, रुजू करून घेण्यात येत आहे. पगारही पूर्ववत.

रात्री उल्काने शिरा दिला, वाटी भरून. जयदीप आमच्या ह्यांच्या पाया पडला. हे म्हणाले, ''ती तिसरी प्रत जपून ठेव, पेन्शनला लागेल.'' प्रायव्हेटमध्ये पेन्शन! पण मी बोलले नाही. मला काय करायचंय म्हणा...

आता खरंच काही करायचं नाही हो. उल्का साडेआठला बाहेर, हा आठलाच, पोरगी शाळेत. संध्याकाळी इतकी दमून येतात की भांडतसुद्धा नाहीत, टीव्हीचा आवाजही बारीक. परवा मी रिकामी वाटी घेऊन गेले तर दाराला कुलूप. तशीच परत आले, भिंतीशी बसले थोडा वेळ... काही नाही, पलीकडे एकटा फ्रिज घुरघुरतोय.

देवदयेने जयदीपची नोकरी राहिली. गेली ती माझी.